डोहाचं देणं

आमच्या अंबडची देवी मत्स्योदरी. ज्या टेकडीवर तिचं देऊळ आहे ती टेकडी माशासारखी दिसते, म्हणून हे नाव, असं लहानपणापासून ऐकत आलो. नवरात्रात माय आम्हाला बैलगाडीतून जत्रेला न्यायची, तेव्हा मी मान वाकडी करकरून त्या टेकडीत मासा शोधायचो. कधी शेपूट सापडायची, कधी नुसतं डोकं. एकदा गाडीतच अण्णांना विचारलं, "देवीच माशाची, तर मग आपण मासा कामून खात न्हाई?"

अण्णा म्हणाले, "म्हणूनच न्हाई."

माझ्या शेजारी माझा दोस्त बसला होता, भोयाचा पोरगा. तो माझ्या कानात म्हणाला, "आमची माय म्हणती, म्हणूनच खायाचा. देवीचा परसाद हाय."

या दोन उत्तरांतलं खरं कोणतं, हे ठरवता ठरवता माझं वय झालं. अजून ठरलेलं नाही. पण त्या नादात एक वेगळाच हिशेब हाताला लागला. तो मांडून ठेवावा म्हणून हे लिहितो आहे.

आमचं गाव गोदाकाठी, शहागडपासून फार लांब नाही. आमच्या मळ्याच्या खाली उतरलं की वाळू, आणि वाळूच्या पलीकडे डोह. उन्हाळ्यात गंगा (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) बारीक धार होऊन जायची, कधी कधी धारही तुटायची, पण डोह आटायचा नाही. वरच्या वाळूत मुरलेलं पाणी आतल्या आत पाझरत डोहात येत राही. खालच्या अंगाला खडकाचा आणि घट्ट वाळूचा एक उंबरा होता, तो पाणी अडवून धरायचा. हे आता कळतं. तेव्हा वाटायचं, डोह म्हणजे डोह, तो असतोच.

डोहाच्या अलीकडे आमचं शेत, पलीकडे भोयांची चार घरं. ते पावसाळ्यात लोकांना नदीपार करायचे, हिवाळा-उन्हाळ्यात वाळूत टरबूज, खरबूज, काकडीच्या वाड्या लावायचे, आणि बारा महिने मासे धरायचे. आमच्या घरात चार पिढ्यांची माळ. अण्णा दर आषाढीला पंढरपूरला पायी जायचे. कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. पण अण्णांचं आणि माझ्या दोस्ताच्या बापाचं, म्हणजे भोईमामांचं, चांगलं जमायचं. भोईमामा जाळं घेऊन आमच्या बांधावरून जाताना अण्णांना "रामराम अण्णा" म्हणत आणि जाळं पाठीमागे धरत. अण्णा जाळ्याकडे बघायचे नाहीत. दोघांनी एकमेकांची एवढी अदब कायम राखली.

मला मात्र डोहाचं वेड होतं. घरी कळू न देता मी दोस्ताबरोबर गळ टाकायला शिकलो. तुराटीची काठी, सुती दोरा, दोऱ्याला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बांधलेला. गळाला गांडूळ. धांडा पाण्यात गपकन बुडाला की ओढायचं. खवल्या, झिंगे, कधी वाम. मी धरलेलं सगळं दोस्ताच्या टोपल्यात जायचं. मी खात नव्हतो, म्हणून मला वाटायचं की मी काही पाप करत नाही.

भोईमामांचे काही नियम होते. जाळ्यात आलेली बारकी पोरं परत सोडायची. अमावस्येला जाळं टाकायचं नाही. आणि एक नियम ते फार कडक पाळायचे. पावसाळ्याच्या तोंडाला मरळ अंडी घालते. पिल्लं निघाली की लालसर ठिपक्यांचा एक गोळाच्या गोळा पाण्यावर फिरताना दिसतो, आणि त्याच्या खाली मोठी मरळ राखण करत असते. भोईमामा म्हणायचे, "आसल्या लेकुरवाळीला गळ टाकायचा न्हाई. दुसरा मासा गळाला येतो तो भुकंनं येतो. ही भुकंनं न्हाई येत, लेकरासाठी येती. पिल्लाजवळ काही बी हललं की ती त्याला खायाला न्हाई, हाकलायला तोंड घालती. भुकेल्याला फसवणं येगळं आन् मायला फसवणं येगळं."

मग 1972 साल आलं.

त्या सालाबद्दल खूप लिहून झालंय, मी फार सांगत नाही. मिरगात चार थेंब पडले, पेरणी झाली, आणि पाऊस गेला तो गेलाच. श्रावणात शेतं करपलेली होती. अण्णा आणि माय दोघंही खडी फोडायला जायची. खायला लाल मिलो, लोक म्हणायचे अमेरिकेतून जहाजानं आलीय. कामावर पोरांना सुकडी मिळायची. तेव्हाच माझ्या धाकट्या बहिणीला ताप भरला. अंबडला नेऊन आणलं, ताप उतरला, पण अंगात काही राहिलं नाही. सहा वर्षांची पोर उठून बसेना. मिलोची भाकरी तिला गिळवेना आणि दूध तर गावातच नव्हतं.

भोईमामांची बायको एकदा मायला म्हणाली, "वहिनी, राग मानू नगा. बाळंतीण आन् आजारी माणूस मरळीच्या कालवणानं उठतंय." माय काही बोलली नाही. मी तिथंच बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी एकटा डोहावर गेलो. डोह निम्म्यावर आला होता. कडेच्या लव्हाळ्यापाशी तो लाल गोळा फिरत होता. मला काय करायचं ते माहीत होतं आणि काय करायचं नाही तेही माहीत होतं. मी एक बारकं बेडूक धरलं, गळाला लावलं, आणि त्या पिल्लांच्या मधोमध सोडलं. फार वेळ लागला नाही. पाणी फुटल्यासारखा आवाज झाला आणि काठी हातातून निसटता निसटता राहिली. दहा वर्षांच्या पोराला ती ओढेना. मी दोरा कमरेला गुंडाळून मागं मागं चालत गेलो आणि तिला वाळूवर ओढलं. मरळ लवकर मरत नाही. ती वाळूत तोंड उघडझाप करत पडली होती. मागं पाण्यात तो लाल गोळा एकदा आवळला, मग पसरला, मग फुटला.

वर बघितलं तर उंबऱ्यावर भोईमामा उभे. मला वाटलं आता मार बसणार. ते खाली आले, मरळीकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. म्हणाले, "बहिणीसाठी?" मी मान हलवली. त्यांनी कोयत्याच्या पाठीनं तिचा जीव एका घावात मोकळा केला, उपरण्यात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "घेतलंस ते घेतलंस. आता इसरू नगंस."

मायनं ती घराच्या मागं, तीन दगडांच्या चुलीवर, भोईमामीनं दिलेल्या गाडग्यात शिजवली. स्वतः तिकडं तोंड फिरवून बसली. बहिणीला पाणी पाणी पाजलं. दोन दिवस, तीन दिवस. चौथ्या दिवशी ती उठून उंबऱ्याला टेकून बसली. आज ती आजी झालीय, परतूरला असते. मरळीनं ती उठली की ताप जाऊन दिवस भरल्यामुळं उठली, हे कोण सांगणार? पण आमच्या घरात कुणी त्याबद्दल शंका घेतली नाही.

अण्णांना पहिल्याच रात्री कळलं होतं. वास लपत नाही. त्यांनी मायला काही विचारलं नाही. मला विचारलं, "कुणी धरली?" मी म्हणालो, "म्या." "लेकुरवाळी व्हती?" अण्णांना हे कसं ठाऊक, ते मला आजवर कळलेलं नाही. मी होय म्हणालो.

त्यांनी मारलं नाही, माळ काढली नाही, प्रायश्चित्ताचं नाव काढलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी खडीवरून आले, वाट्याला आलेल्या भाकरीतली चतकोर मोडून हातात घेतली आणि डोहाकडे गेले. काठावर बसून ती चुरून पाण्यात टाकली. तिसऱ्या दिवशी तेच. ज्या साली माणसं चतकोरासाठी भांडत होती त्या साली हा माणूस चतकोर पाण्यात टाकत होता. माय एकदाच बोलली, "आवं, तुमच्याच अंगात काय राहिलंय?" अण्णा म्हणाले, "देणं हाय."

भोईमामांनी तर हसून सांगितलं, "अण्णा, मरळीची पोरं भाकरी खात न्हाईत. पाण्यातलं किडं खात्यात. तुमची भाकर चालली खवल्याच्या पोटात."

अण्णा म्हणाले, "खाऊ द्या. कुणाच्या पोटात जाती ते मला कशाला पायजे? माझ्या पोटातनं गेली म्हंजी झालं."

ती पोरं गवताला लागण्याएवढी होईपर्यंत, म्हणजे अंदाजानं महिनाभर, त्यांनी हे केलं. मग थांबले. पुढं या विषयावर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. मी गळ टाकणं सोडलं. मोठा झालो, माळ घातली, मास्तर झालो. शाळेत पोरांना भूतदया शिकवली. भोयांच्या वस्तीवरून जाताना माझ्या मनात, खरं सांगतो, थोडी कीव असायची. बिचारे, रोज हिंसा करून पोट भरतात.

दरम्यान गंगा बदलत होती. पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी 1965 साली केली, आणि 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. जवळजवळ दहा किलोमीटर लांब भिंत, 27 दरवाजे, आणि मागं नजर पोचत नाही एवढा नाथसागर. त्याचा डावा कालवा आमच्या तालुक्यातून गेला. ज्यांच्या रानात तो आला त्यांची दैना फिटली, मोसंबीच्या बागा उभ्या राहिल्या, ऊस आला. मी या धरणाला नावं ठेवणार नाही. 1972 पाहिलेला माणूस धरणाला नावं ठेवत नाही. ज्यांची गावं त्या पाण्याखाली गेली त्यांना तो हक्क आहे, मला नाही. पण धरणाखालची नदी मात्र सोडलेल्या पाण्याची झाली. वरनं दरवाजे उघडले तर गंगा, नाहीतर वाळू. पूर कमी झाला की नवी वाळूही कमी येते. तरी आमचा डोह होता. पाझरावर तग धरून होता.

2010 साली थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. त्याच सुमाराला एका संध्याकाळी दोन माणसं घरी आली. नदीत उतरायला आमच्या मळ्यातून रस्ता पाहिजे म्हणाली. फक्त रात्री. दर टिपरमागं ठरावीक पैसे, रोजचे रोज, रोख. मी विचारलं, "लिलाव झालाय का?" ते हसले. मी पुढं विचारलं नाही. मास्तर माणूस, मला ते हसू कळलं होतं.

दोन उन्हाळे आमच्या मळ्यातून टिपर गेले. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी मोजायचो. सकाळी कपाळाला गंध लावून शाळेत जायचो. मुलीचं लग्न चांगलं झालं. जेसीबीला खाली उतरता यावं म्हणून त्यांनी डोहाचा खालचा उंबरा फोडला. वरची वाळू खरवडून चिकणमाती उघडी पाडली. पहिल्या उन्हाळ्यात डोह कमरेएवढा राहिला, दुसऱ्या उन्हाळ्यात त्यात शेळी बसलेली पाहिली. भोयांच्या टरबुजाच्या वाड्याही गेल्या, कारण वाड्या वाळूत होतात, मातीत नाही. आमच्या विहिरीचं पाणी परसभर खाली गेलं, ते मी नंतर मोजलं.

मी एकही मासा मारला नव्हता. माळ गळ्यात तशीच होती.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीला पुतण्या अमेरिकेतून आला. ज्या देशातून मिलो आली त्याच देशात आमच्या घरचं पोर नोकरीला गेलं, हेही एक नवलच. त्याला तिथं मासे धरायचा छंद लागलेला. त्याच्या बॅगेत एक डबी होती, डबीत पितळी आणि रुपेरी रंगाचे चमच्यासारखे पत्रे, प्रत्येकाला तीनतोंडी गळ. मला दाखवून म्हणाला, "काका, आम्ही धरणात ट्राउट धरतो. होडी अगदी हळू चालवायची, माणूस चालतो तेवढ्या वेगानं. हा चमचा मागं लांब दोरीवर सोडायचा. पाण्यातून जाताना तो असा लडबडत जातो, की मोठ्या माशाला वाटतं एखादा जखमी बारका मासा चाललाय. ट्राउटला गार पाणी लागतं, उन्हाळ्यात तो खोल जातो, मग दोरीला शिसं लावून चमचा खोल न्यायचा."

"आन् धरून?"

"धरून फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा."

ट्राउट आपल्याकडे नाही. इंग्रजांनी हौसेखातर तो काश्मिरात आणि नीलगिरीत आणून सोडला, तो तिथल्या गारव्यात टिकला. आमच्या बेचाळीस अंशात तो एक दिवस जगणार नाही. पण पुतण्याला चमचा ओढून बघायचाच होता. मी दोस्ताला विचारलं. तो आता तालुक्यातल्या एका तलावावर जातो. डोह गेल्यावर त्याला तिकडं जावं लागलं. सोसायटीनं रोहू, कटला, मृगळाची बोटुकली सोडलेली असतात, धरलेला माल सोसायटीच्या काट्यावर घालायचा आणि किलोमागं मिळेल ते घ्यायचं. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, हाताएवढ्या फळीनं पाणी मारत, साठी उलटलेला माणूस पहाटे चारला पाण्यात असतो.

त्यानं कुणाची तरी होडी मिळवली. तो वल्हं मारायला, पुतण्या मागं चमचा धरून, मी मधे. दोन तास काही नाही. मग लव्हाळ्याच्या कडेनं जाताना दोरी ताठ झाली. पुतण्याचा चेहरा बघण्यासारखा होता, दहा वर्षांचा झाला होता तो. बऱ्याच झटापटीनंतर वर आली ती मरळ. हातभर. गळ ओठातून आरपार. त्यानं ओल्या हातानं तिला अलगद धरलं, फोटो काढायला मला मोबाइल दिला, पक्कडीनं गळ काढला आणि पाण्यात सोडायला वाकला.

दोस्तानं वल्हं थांबवलं. "सोडतूस?"

"हो. आम्ही मारत नाही."

"मग धरली कामून?"

पुतण्या म्हणाला, "तुम्ही तर मारता ना, काका? मी तर तिला जिवंत सोडतोय."

"म्या मारतो ते खायाला आन् इकायला. भूक हाय म्हणून गळ हाय. तुला भूक न्हाई, मग तिच्या ओठाला भोक कशापाई?"

पुतण्याही ऐकणारा नव्हता. त्यानं नीट सांगितलं, आणि त्याचं म्हणणं मला वाऱ्यावर सोडण्यासारखं वाटलं नाही. तिथं मासे धरायला परवाना काढावा लागतो, त्या पैशातून नवे मासे सोडतात. किती धरायचे, केवढे धरायचे, याचा नियम असतो आणि तो मोडला तर दंड होतो. लोक सोडून देतात म्हणून तळ्यांत मासा टिकून आहे. "इथं कोण मोजतं?" त्यानं विचारलं. "इथं बारीक फासाचं जाळं लावून बोटाएवढी पोरं काढतात. मला सांगा, कुणामुळं मासा संपतो?"

दोस्त गप्प झाला, कारण तेही खरं होतं. भोईमामांचे नियम आता त्या तलावावर कुणी पाळत नाही. पोटाला नियम परवडेनासे झालेत.

मरळ पुतण्याच्या हातात होती. दोघांनी माझ्याकडे बघितलं. घरातला वडीलधारा, माळकरी, मास्तर. न्याय मी करावा.

मला बोलताच आलं नाही. मी म्हणालो, "आधी तिला पाण्यात तरी सोड." त्यानं सोडली. ती क्षणभर तिरपी झाली, मग खाली गेली.

त्यानंतर मी या प्रश्नावर बराच विचार केला, वाचलंही. मासा दुखणं जाणतो का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी घेतलेला आहे, आणि तोही ट्राउटवरच. 2003 साली स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी ट्राउटच्या ओठात मधमाशीचं विष आणि आम्ल टोचून पाहिलं. ते मासे टाकीच्या तळाच्या खड्यांवर ओठ घासत राहिले आणि किती तरी वेळ त्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही. हे दुखणंच, असं सगळ्यांना मान्य नाही, वाद चालू आहे. पण स्वित्झर्लंडसारख्या देशानं नुसतं सोडून देण्यासाठी म्हणून मासे धरायला बंदी घातली आहे. धरायचा तर खायला धर, असा तो कायदा. म्हणजे माझ्या दोस्ताचं म्हणणं.

आपल्याकडे हा वाद फार जुना आहे. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेच्या व्याधाची गोष्ट आहे. तो मांस विकतो, आणि तपाचा गर्व झालेल्या कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकतो तो याच्याकडून. व्याधाचं म्हणणं थोडक्यात असं की हिंसा केल्याशिवाय इथं कुणीच जगत नाही, नांगर धरणाराही जमिनीतले किती तरी जीव मारतो. लहानपणी कीर्तनात ही गोष्ट ऐकताना मला वाटायचं, व्याध स्वतःचं समर्थन करतोय. आता वाटतं, तो कौशिकाला आरसा दाखवत होता. आणि मनूच्या गोष्टीतला बारका मासा मनूला काय म्हणाला? मोठे मासे मला खातील, मला सांभाळ. मनूनं त्याला आधी गाडग्यात, मग तळ्यात, मग गंगेत, मग समुद्रात नेलं. जिथं मोठा लहानाला गिळतो त्याला आपण मत्स्यन्याय म्हणतो. नाव माशाचं, वागणं माणसाचं.

मासा मारावा की मारू नये, याचं उत्तर अण्णांचं वेगळं होतं आणि भोईमामांचं वेगळं, आणि दोघंही आपल्या उत्तराला जागले. पण एका बाबतीत ते दोघं एक होते. आपण कुणाकडून काय घेतलं, हे दोघांना माहीत होतं. भोईमामांच्या हाताला माशाची धडपड कळायची, म्हणून त्यांच्या हाताला नियम होता. अण्णांनी तर स्वतः धरलेलीही नव्हती, तरी ते देणं त्यांनी आपल्या नावावर लिहून घेतलं आणि पोटाला चिमटा काढून फेडलं. पुतण्यालाही निदान तो मासा डोळ्यांनी दिसतो, हाताला लागतो. कधी तरी त्याच्या मनाला ते बोचेल, बोचायला जागा तरी आहे. मी मात्र घेतलं आणि मला काही दिसलंच नाही. रात्री टिपर मोजले, पण त्यात किती मरळी गेल्या, किती लाल गोळे गेले, किती टरबुजं गेली, भोयांच्या किती पहाटा गेल्या, ते मोजलं नाही. गळाचं पाप निदान गळाएवढं असतं. ज्या पापात रक्त दिसत नाही, वास येत नाही, ते कुणाच्या नावावर मांडायचं हेच कळत नाही, म्हणून ते वाढत जातं. आणि शाकाहारी माणूस ते आरामात करू शकतो.

हे मी पुतण्याला सांगितलं नाही, दोस्ताला सांगितलं. पुतण्या परत गेल्यावर एका संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि म्हणालो, "डोह माझ्यामुळं गेला. टिपर माझ्या मळ्यातून जात होते."

तो जाळं सांधत होता. वर न बघता म्हणाला, "ठावं हाय की. समद्या गावाला ठावं हाय."

"मग कधी बोलला न्हाईस?"

"तुझ्या पोरीचं लगीन व्हतं." सुई दोऱ्यातून ओढत तो थोडा वेळ थांबला. "आन् बोलून उंबरा परत बसला असता व्हय?"

त्यानं मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही. ते मागणं बरोबर दिसलं नसतं.

मळ्यातला रस्ता मी बंद केला आहे, चर खोदून. टिपर थांबले नाहीत, पुढच्या एका रानातून उतरतात. तहसीलला एक अर्ज दिला, त्याची पोच जपून ठेवलीय. गोदावरीवर आता आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी असे उच्च पातळीचे बंधारे झालेत. पाऊस बरा झाला तर बंधाऱ्यांचं पाणी काही ठिकाणी फुगून उभं राहतं. आमच्या जुन्या डोहाच्या खड्ड्यातही काही महिने पाणी असतं. तो डोह नव्हे, पण पाणी आहे.

तेव्हापासून दरसाल श्रावणात मी पेन्शनमधून बोटुकली विकत आणतो. डबा धरायला दोस्त बरोबर असतो. एका हातानं डबा कलता करतो आणि दुसऱ्या हातानं कपाळाला हात लावतो. म्हणतो, "मास्तर, माघात हे पाणी आटणार हाय. ही पोरं मरतील, न्हाईतर बगळं खातील, न्हाईतर कुणी तरी जाळं लावंल."

मी म्हणतो, "लावू दे. माझ्या खिशातनं गेली म्हंजी झालं."

तो हसतो. "आक्षी अण्णावाणी बोलायलास."

अण्णांवाणी नाही, हे मला माहीत आहे. अण्णांनी भुकेत चतकोर दिली होती, मी भरल्या पोटी देतो. त्यांचं देणं महिनाभरात फिटलं. माझं फिटायचं नाही. पण ते कुणाचं आहे आणि कशाचं आहे, एवढं तरी आता माझ्या वहीत माझ्या नावावर लिहिलेलं आहे.